भोकाच्या पैशाची शर्यत

मालवण,
श्रावण वद्य चतुर्थी

रा. रा. रामचंद्रराव यांस, गुरुदासचा नमस्कार पोचावा. तुमची, वहिनींची आणि सासूबाईंची प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. सासूबाईंच्या गुडघ्यांना मुंबईचे जिने सोसत नाहीत असे मागे कळले होते. खोबरेल तेलाची बाटली शेजारच्या गणपतच्या भाच्याबरोबर पाठवली आहे. (तो वाटेत डोक्याला लावणार नाही याची खात्री देता येत नाही. बाटली अर्धी पोचली तर तसे कळवावे.) येथे मी ठीक आहे. भात स्वतःच शिजवतो. पूर्वी खाली लागत असे, आता वर कच्चा राहतो. ही प्रगतीच म्हणायची.

होडीला तुम्ही माझगावात गिऱ्हाईक पाहिले आहे आणि तो माणूस दसऱ्यानंतर येतो म्हणतो, हे तुमच्या पत्रावरून समजले. विकायची गोष्ट मीच काढली होती. पद्मावती गेल्यापासून ती होडी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली पडून आहे. ती बाहेर काढायची म्हटले की माझा हात पुढे होत नाही, हे तुम्ही मे महिन्यात पाहिलेच. त्या गिऱ्हाइकाबद्दल शेवटी लिहितो. आधी नारळी पौर्णिमेला झालेला प्रकार तुम्हाला कळवणे भाग आहे, कारण त्याचे मूळ तुम्ही आहात.

तुम्हाला आठवत असेल, मे महिन्यात तुम्ही आमच्या ओटीवर आंबा खात बसला होता आणि वाडीतली मंडळी शर्यतीचे रडगाणे सांगत होती. पूर्वी वल्ह्यांची शर्यत होती तेव्हा मनगटाचा प्रश्न होता. इंजिने आल्यापासून शंकरचीच होडी पहिली येते आणि दर्याला मानाचा नारळ शंकरच वाहतो. महादूची बायको जानकी (तिचा आवाज तुम्ही विसरला नसाल, त्या दिवशी तुमच्या हातातला आंबा पडला होता) म्हणाली, "शंकराकडे वीस घोडे, आमच्याकडे धा. त्यातले पाच लंगडे!" महादू आणि गणपत म्हणाले की मोठे इंजिन घेण्याची ऐपत नाही, यंदा आम्ही उतरणार नाही. म्हणजे शर्यत बंदच. त्यावर तुम्ही कोय चोखत म्हणालात की त्यात काय आहे, सगळ्या इंजिनांच्या हवेच्या नळ्यात एकाच मापाचे भोक ठेवा, हवा सारखी तर जोर सारखा, कोणाला नवे इंजिन घ्यायला नको. सर्वांना ते इतके पटले की तुम्हाला आणखी एक आंबा कापून दिला. तुम्ही तो खाल्लात आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला गेलात. भोक केवढे ठेवायचे ते सांगितले नाहीत.

यावर आषाढभर चर्चा झाली. शंकरला भोक मोठे हवे होते, महादूला लहान, आणि गणपतला दोघांच्या मधले, पण महादूच्या बाजूला झुकलेले. सुतार म्हणाला, माझ्याकडे भोक पाडायच्या सामत्याची तीन पाती आहेत, तिन्हींवर कोणाचा तरी आक्षेप आहे. शेवटी वाडीतले सगळ्यांत वडीलधारे नाना म्हणाले की सरकारने पाडलेले भोक घ्या, त्यात कोणाला लबाडी करता येणार नाही. म्हणजे जुना भोकाचा पैसा. हे पैसे बाजारात चालेनासे झाल्यापासून कोणाच्या घरात आहेत आणि कोणाच्या नाहीत याचा शोध सुरू झाला आणि तो आमच्या दाराशी येऊन थांबला. तुमच्या बहिणीने, पद्मावतीने, माझ्या खाडीतल्या पागेच्या जाळ्याला शिशाच्या गोळ्यांऐवजी हेच पैसे ओवले होते. बाजारात चालत नाहीत तर पाण्यात चालतील, असे तिचे म्हणणे. (चाललेही. पाग पडताना तिच्या बांगड्यांसारखा आवाज होई.) मी पागेतले तीन पैसे सोडून दिले. देताना थोडा वेळ लागला, पण जानकीनेही घाई केली नाही हे नमूद केले पाहिजे.

सुताराने फणसाच्या लाकडाच्या तीन चकत्या केल्या आणि प्रत्येकीच्या मध्यभागी एक पैसा बसवला. आता त्या नळ्यात बसवून वर लाखेचे सील कोण करणार? ज्याची होडी शर्यतीत आहे तो चालणार नाही, ज्याचा भाऊ किंवा मेव्हणा शर्यतीत आहे तोही नाही, आणि आमच्या वाडीत यानंतर कोणी उरत नाही. नाना म्हणाले, "गुरुदासाच्या घराक वरसभर सण नाय. तेका ना नारळ, ना शर्यत. तोच पंच." अशा रीतीने दुखवट्यामुळे मला हुद्दा मिळाला. मी कोणाशी फारसे बोलत नाही हेही माझ्या बाजूने धरण्यात आले. मी तीन नियम केले. सील फोडेल तो बाद. वल्ही आणि शिडे किनाऱ्यावर ठेवायची (कारण गेल्या वर्षी इंजिन चालू असताना महादू हळूच वल्हवत होता, असे शंकरचे म्हणणे, आणि महादूचे म्हणणे की तो माशी हाकलत होता). आणि सर्वांनी आधी चाचणी द्यायची. चाचणी मी स्वतः घेतली. होड्या किनाऱ्याला बांधून इंजिने संथ चालवली. तिन्ही अशी गोड चालली की नानांनी तुमचे नाव घेऊन हात जोडले. बांधलेल्या होडीचे इंजिन आणि पळणाऱ्या होडीचे इंजिन यांत फरक असतो हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. पंचाच्याही नाही.

पौर्णिमेला दुपारी सगळी वाडी किनाऱ्यावर. जिथे खडकांवर लाटा फुटतात त्या खडपाच्या अलीकडे तरंगते पिंप बांधले होते, तेथून सरळ किनाऱ्यापर्यंत यायचे, वळण नाही, काही नाही. ज्याचा नांगर आधी वाळूला लागेल तो पहिला. होड्या संथपणे पिंपापर्यंत गेल्या. मी निशाण खाली केले. तिघांनी इंजिने जोरात सोडली आणि पुढच्या क्षणी समुद्रावर तीन काळे ढग उभे राहिले. त्यातून खोकल्याचा आवाज येत होता. सर्वांत आधी शंकरचे इंजिन गेले, कारण पोट मोठे आणि नरडे इतरांएवढेच. गणपतचे त्याच्या मागोमाग. महादू मात्र धुरातून पुढे निघाला! जन्मात पहिल्यांदा शंकरच्या पुढे गेल्याच्या आनंदात त्याने मूठ पार शेवटपर्यंत ओढली आणि त्याचेही बंद पडले. मग जानकी म्हणाली, "रामचंद्राक मुंबयसून बोलवा रे, मी तेका होयी तेवढी हवा भरतंय!"

खरी पंचाईत पुढेच होती. पौर्णिमेची ओहोटी लागलेली. तापलेली इंजिने हँडलला दाद देईनात, वल्ही माझ्या पायाशी, आणि तिन्ही होड्या हळूहळू मागे खडपाकडे चाललेल्या. सील फोडून चकती काढली असती तर इंजिने थंड होऊन चालू झाली असती. पण जो आधी फोडेल तो बाद. त्यांचे बोलणे वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर स्पष्ट येत होते.

"महादू, फोड सील!" शंकर ओरडला.

"मी कित्याक फोडू? मी फुडे आसय! तू फोड!"

"मी फोडूचंय नाय!"

यावर सर्वांत मागे असलेल्या गणपतने नवीनच मुद्दा काढला. आता सगळेच खडपाकडे चाललो आहोत, तेव्हा त्या बाजूने पाहिले तर पहिला मी आहे! यावरून तिघांचे भांडण जुंपले आणि खडपावर फुटणारे पाणी कोणाला दिसेना.

मी किनाऱ्यावरून सील फोडा म्हणून ओरडलो. ऐकू गेले नाही. (मी ओरडलो हेच शेजारच्या माणसाला कळले नाही.) तेव्हा नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी होडी आसा." मी म्हटले, वर्ष झालेले नाही, हंगामाचा नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालता येत नाही आणि माझ्या घरचा नारळ यंदा चालत नाही. जानकीने पदर खोचला, आपल्या घरचा नारळ उचलला आणि माझ्या होडीपुढे पाण्यात टाकला. म्हणाली, "दुखवटो गुरुदासाक आसा, होडयेक नाय! लावा गो हात!"

बायकांनी झापे उडवली आणि होडी ओंडक्यांवरून अशी खाली नेली की मला धावत जाऊन चढावे लागले. जानकी माझ्या आधीच आत. इंजिन चालू होईल का अशी शंका सर्वांना होती, मला नव्हती. तुम्ही मे महिन्यात ते साफ करून गेलात त्यानंतर मी दर सोमवारी ते थोडा वेळ चालवतो. देवळात भजन सुरू असताना चालवतो, म्हणजे आवाज कोणाला कळत नाही. का चालवतो ते मला सांगता येणार नाही. पहिल्या हँडलला सुरू झाले. जानकीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सोमवारचां मृदंग ह्यां काय रे?"

आम्ही पोचलो तेव्हा खडप फार लांब नव्हता. जानकीने नवऱ्याकडे दोर फेकला. त्याने तो धरला, पण लगेच शंकर ओरडला की महादूला आधी बांधला तर तो पुढे राहील, हे चालणार नाही. महादू म्हणाला, मग मागे बांधून घेणार नाही. गणपत म्हणाला, मला दोरच नको, मी इथेच बरा. रामचंद्रराव, त्यांच्या मागे जेमतेम वावभर अंतरावर लाटा फुटत होत्या. मी पंच म्हणून निकाल दिला की तिघांना सारख्या लांबीचे दोर, माझ्या होडीच्या मागच्या एकाच मेढीला, शेजारी शेजारी. जानकीने दोर मापून बांधले. तिघांनी आपापल्या जागेवरून पुन्हा मापून पाहिले. मग मी मूठ ओढली आणि तिन्ही होड्या एका ओळीत माझ्या मागून किनाऱ्याकडे निघाल्या. मी मागे वळून पाहिले. तिघेही आपापल्या होडीच्या टोकाला नाळेवर पुढे वाकून, मान ताणून बसले होते, जणू त्याने बोटभर तरी पुढे जाता येईल. तेव्हा मला काय झाले कळेना. मी हसू लागलो. मोठ्याने. थांबेना. जानकी म्हणाली, "हसतस कित्याक मेल्या, सुकाणू धर!" आणि मग तीही हसू लागली.

किनाऱ्याला पहिली माझी होडी लागली. त्यानंतर तिन्ही एकदम. नानांनी निकाल दिला की अशी बरोबरीची शर्यत यापूर्वी झाली नाही, आणि गुरुदास जिंकला. शंकर म्हणाला, "तो शर्यतीत होतो खंय?" जानकी म्हणाली, "पिंपाकडसून किनाऱ्याक पयलो कोण इलो तां सांग!" शंकरने तिच्याकडे पाहिले, खडपाकडे पाहिले आणि आपली होडी वर ओढायला लागला. पण मानाचा नारळ मी वाहू शकत नाही, दुखवटा आहे. तेव्हा तो नारळ नानांच्या घरी ठेवला आहे. पुढच्या नारळी पौर्णिमेला वर्ष उलटलेले असेल, त्या वेळी तो पद्मावतीच्या होडीतून वाहायचा असे सर्वानुमते ठरले. माझे मत विचारले नाही. तीन पैसे मी पुन्हा पागेत ओवले.

वहिनींना नमस्कार. सासूबाईंना साष्टांग.

आपला,
गुरुदास

ता. क. : गिऱ्हाइकाचे लिहायचे राहिलेच. त्याला येऊ नका म्हणून कळवावे. कारण विचारले तर होडी कामात आहे असे सांगावे. पुढच्या नारळी पौर्णिमेला तुम्ही स्वतः या, नारळ धरायला पद्मावतीच्या माहेरचा माणूस हवा. येताना भोकाचे बरोबर माप घेऊन या. शंकर तुमची आठवण काढतो. कोणत्या शब्दांत ते लिहीत नाही.

ता. क. दुसरा : खरे म्हणजे पत्र यासाठीच लिहायला बसलो होतो. सासूबाईंना विचारा की वर्षाच्या आत माणूस मोठ्याने हसला तर त्याला काही करावे लागते का. येथे कोणाला विचारायचा संकोच वाटतो. उत्तर लवकर पाठवा, कारण हे पत्र लिहिताना पुन्हा एकदा तसे झाले.