उलटी धरलेली दुर्बीण

आये, दुर्बीण घेतली. साधी नाही, अंतर मोजणारी. बटण दाबलं की डोळ्यांना न दिसणारा किरण जातो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि काचेत लाल आकडा उमटतो, इतके मीटर. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मोजून काय करणार हायस गो? जागा काय इकायची हाय?" जागा विकायची नाही. शाळेतली नोकरी संपली, घर खायला उठलं, म्हणून मी पुन्हा रायफल हातात घेतली. घाटावरच्या एका क्लबात पुढच्या आठवड्यात लांब पल्ल्याची स्पर्धा आहे. डोंगरउतारावर लोखंडी पाट्या टांगतात आणि कुठली किती लांब ते कोणी सांगत नाही. अंतर आपणच काढायचं आणि त्याप्रमाणे नेम वर-खाली करायचा. अंदाज चुकला की गोळी पाटीखालच्या मातीत. बहुतेक जण जोडीनं येतात. एक नेम धरतो, दुसरा शेजारी पडून दुर्बिणीतून बघतो आणि गोळी कुठे गेली ते सांगतो. माझ्या शेजारी कोणी नाही. तुला लिहायला बसले ती त्यासाठीच, उगाच आढेवेढे कशाला घेऊ.

मामानं बोटीवरून आणलेली ती जड काळी दुर्बीण. पावसाळ्यात काचेला बुरशी धरेल म्हणून तू ती तांदळाच्या कणगीत पुरून ठेवायचीस, आणि बाहेर काढली की तिच्या फटींतून कोंडा गळायचा. बाबा मुंबईला, घरात आपण दोघीच. सुट्टीत एनसीसीचे सर मला शाळेची छऱ्यांची बंदूक घरी न्यायला द्यायचे. वेळणेश्वरच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या माळावर, काजूच्या खोडाला वहीचं पुठ्ठं लावून मी कातळावर पालथी पडायचे, आणि तू शेजारच्या दगडावर, डोक्यावर पदर, डोळ्याला दुर्बीण. मी चाप ओढते. तू म्हणतेस, "लागली!" मी पुन्हा ओढते. "लागली गो बाय!" पुठ्ठं काढायला जाते तर त्याला जेमतेम दोन भोकं. "आये, तू तर सगळ्या लागल्या म्हणालीस!" "वाऱ्यानं बुजली असतील." अख्खी सुट्टी हे असंच चाललं. मग एकदा सहज मान वळवून बघते तर तू दुर्बीण उलटी धरलेली, मोठी काच डोळ्याला! त्यातून तुला काजू मुंगीएवढा दिसत असणार, पुठ्ठ्याचं तर नावच नको. मी ओरडले, "आये, उलटी धरलीयस! काय दिसतंय तुला त्यात, कपाळ?" तू दुर्बीण खालीसुद्धा घेतली नाहीस. म्हणालीस, "मला कशाला दिसाया पायजे? तू लावलीस म्हंजे लागली असंल."

मी हट्टाला पेटले. तुला सुलटी धरायला शिकवली आणि बजावलं, यापुढे खरं तेच सांगायचं. झालं, तू खऱ्यावर उतरलीस! "नाय लागली. ही पण नाय. वाईच डावीकडं. वाईच म्हटलं ना, कोसभर नाय." संध्याकाळी घरी येताना मी रडकुंडीला आलेली आणि तू हसून हसून बेजार. "तुलाच खरं पायजे व्हतं. आता गीळ." पण तुझ्या त्या 'वाईच'नंच माझा हात बसला. क्लबातले लोक आता मिलीमीटर नि कोन सांगतात, मी मान डोलावते आणि मनातल्या मनात त्याचं 'वाईच' करून घेते.

दुर्बीण घ्यायला कोल्हापूरला गेले होते. दुकानदार तरुण, बडबड्या, मला थेट गच्चीवर घेऊन गेला. "बघा ताई, खोक्यावर दोन हजार मीटर लिवलेलं असतंय, पण ते चकचकीत भिंतीवर. झाडावर निम्मं धरा." धंद्यात एवढं खरं बोलणारा माणूस मला आवडला. एका दुर्बिणीत लाल आकडा उन्हात दिसेना. दुसरी पलीकडचा फलक सोडून मधल्या फांदीचंच अंतर सांगत बसली. तिसरी मात्र झकास, लांबच्या टाकीवरचा गंजसुद्धा दिसला. पण वजन वरवंट्यासारखं. "एकट्याला तिपाईवर लावून वापरायला हीच," तो म्हणाला, आणि मग विचारलं, "तुमच्या संगट कोण असतंय?" माझ्या तोंडून गेलं, "आई असते."

असायची, असं म्हणायचं होतं. पण तो कामाला लागलासुद्धा. "मग जड नको ताई, म्हाताऱ्या माणसाचा हात भरून येतोय." त्यानं हलकी काढली, पट्टा आखूड करून दाखवला, आईंचा चष्मा असेल तर डोळ्याकडचं रबर कसं दुमडायचं ते दोनदा सांगितलं. ही तेवढं लांबचं मोजत नाही, हेही सांगितलं. माझ्या कामाची ती जडच होती, आये, हे मला कळत होतं. पण किती वर्षांत तुझी अशी काळजी कोणी केली नव्हती. त्याला मध्येच थांबवून तू नाहीस हे सांगायला माझी जीभ रेटेना. हलकी घेऊन जिना उतरले आणि एसटी घाट उतरेपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

आज सकाळी रायफल नि दुर्बीण घेऊन सड्यावर गेले. काजू आहे अजून, एका अंगानं वाळलाय. तुझ्या दगडावर बसून मोजलं. बेचाळीस मीटर! गावभर तू शंभर पावलं सांगत फिरायचीस. पुठ्ठं लावलं, पालथी पडले, चाप ओढला आणि सवयीनं तुझ्या दगडाकडे कान लावून थांबले. फार एकटं वाटतं गो. घरात वाटतं त्याहून तिथे जास्त वाटलं. मग उठून दुर्बिणीतून बघितलं तर पुठ्ठं कोरं. वाईच डावीकडे हवं होतं.

नाही जमली तर स्पर्धेच्या आधी बदलून देईन, असं दुकानदार म्हणालाय. शहाणपण त्यातच आहे. खोकं बांधूनही ठेवलं होतं, मघाशी पुन्हा सोडलं, आणि आता दुर्बीण स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात आहे. हा कागदही तिच्या खाली सरकवीन, दुसरीकडे कुठे टाकणार? एक सांगायचं राहिलं. सड्यावर आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी ती उलटी धरली. काजू लांब लांब गेला, पुठ्ठं दिसेनासं झालं, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "लागली गो बाय."