ताईच्या विहिरीतलं लोखंड

३ मार्च
ताईच्या विहिरीत आज लोखंड सोडलं! शेजारच्या धातूंना मुलामा देणाऱ्या बंद कारखान्याचं क्रोमियम जमिनीतून तिच्या पाण्यात उतरलंय. पाणी पिवळट. सहा वर्षं बिचारी विकतचे कॅन आणते. प्रयोगशाळेच्या बाईंनी लोखंडाचे अतिसूक्ष्म कण आणले होते. ते म्हणे विषारी क्रोमियमची नांगी मोडतात आणि तळाशी बसवतात. कणांना स्टार्चचा लेप असतो, नाहीतर एकमेकांना चिकटून बसतात, काम करत नाहीत. आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीलाही लावून बघावा.

ताईने बाईंना विचारलं, "गंजेल ना हो?"
"गंजायलाच सोडलंय, ताई."

दर आठवड्याला विहिरीतून भरून पाठवायला बाईंनी ताईकडे बाटल्या दिल्या.

१७ मार्च
दोन्ही बाटल्या निर्मळ. क्रोमियमचा मागमूस नाही!

१८ मार्च
माझी बातमी छापून आली, नावासकट. मथळ्यातल्या 'निर्मल जल'चं संपादकांनी 'स्वच्छ पाणी' केलं. संस्कृताचा आणखी एक पराभव.

२३ मार्च
ताईकडे गेलो. तिने विहिरीचं पाणी दिलं. अर्धा पेला प्यायल्यावर दिसलं — पिवळट.

"अगं, बाटल्यांतलं तर काचेसारखं होतं!"
"ते कॅनमधलं. असलं पिवळं पाणी कुणाच्या घरी पाठवायचं का? बाई काय म्हणतील!"
"मग तू हे कसं पितेस?"
"तू छापलंस ना, स्वच्छ आहे म्हणून."

पाच दिवस प्यायलीये. पेला खाली ठेवला.

२४ मार्च
बाईंना फोन केला.  म्हणाल्या, "मीच भरायला हव्या होत्या." स्वतः येऊन नमुना घेऊन गेल्या. निकाल चार दिवसांनी.

संपादक म्हणाले, "निकाल येऊ दे. तोवर तोंडाला कुलूप." मौनं सर्वार्थसाधनम्! भित्र्यांची सोय पूर्वजांनी करूनच ठेवली आहे. मी मान डोलावली.

२५ मार्च
ताईचा फोन. "मी कॅनवर आलेय रे. पण अख्खी गल्ली इथून पाणी नेतेय. नको म्हटलं तर तुझं कात्रण नाचवतात माझ्यापुढे. काय सांगू त्यांना?"

"बघतो," म्हणालो. काय बघणार होतो, कोण जाणे.

२६ मार्च
सकाळीच विहिरीवर पाटी लावली — 'हे पाणी पिऊ नका. बातमी चुकीची होती.' खाली माझं पूर्ण नाव. ताईने वाचलं. मग पोहऱ्याचा दोर सोडून घरात नेला.