पोटावरची खडूची रेघ

४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बातमी फोनवर सांगायची आणि खरं पत्रात लिहायचं, ही आपल्या घरची जुनी रीत. तुझी परवाची बातमी पोचली. त्यातलं निम्मं मला कळलं आणि तुझ्या वहिनीला सगळं कळलं, म्हणजे नेहमीचंच प्रमाण. तेव्हा मला जे कळलं ते खाली लिहितो. शाळेत पोरांच्या संस्कृतच्या वह्या मी तपासतो, आज माझी तू तपास.

सहा वर्षांपूर्वी तू जठराच्या वरच्या टोकाला एक पट्टा बसवून घेतलास. पट्ट्याला एक नळी. नळीच्या टोकाला, बेंबीच्या डाव्या अंगाला, कातडीखाली जाड बटणासारखी एक डबी. तिचं नाव पोर्ट. दवाखान्यातली सिस्टर बाहेरून त्या डबीत सुई घालते, मिठाचं पाणी सोडते. पट्टा आतून फुगतो, घास सावकाश उतरतो आणि थोडक्या अन्नात पोट भरतं. मेखला बाहेरून मिरवायची असते एवढंच आम्हाला शिकवलं होतं. ती आत बांधून वर तिला पाणीपुरवठा करायचा, हे आमच्या एकाही कवीला सुचलं नाही. थट्टेनंच लिहायला घेतलं होतं, पण इथे पेन थांबलं. चमचाभर खारं पाणी माणसाच्या भुकेला लगाम घालतं! त्यासाठी ऋषींनी उभा जन्म तप केलं, आणि तरी आश्रमातली चूल काही बंद पडली नाही.

आता ती डबी म्हणे आतल्या आत उलटली आहे. एक्सरेत पालथी दिसते. द्वारपालानंच भिंतीकडे तोंड केल्यावर सुईनं दार ठोठावायचं कुठे? म्हणून छोटं ऑपरेशन. डबी सुलटी करून टाक्यांनी पक्की बसवणार. इथवर बरोबर ना?

पण फोन ठेवताना तुझा आवाज बारीक झाला. जन्मली तेव्हा इवलीशी होती म्हणून जिला मुंगी नाव पडलं, आणि पुढे जिच्या एका हाकेनं अख्खा जिना दणाणू लागला, तिचा आवाज बारीक होणं ही साधी गोष्ट नाही. उरलेलं खरं लिही.

लोभ आहेच, तो तेवढा आपला सुलट्या तोंडानं राहू दे.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वही तपासली. दहापैकी नऊ. एक मार्क आगाऊपणाचा कापला.

उरलेलं खरं असं. भूक परत आली, असं मी सगळ्यांना सांगते. पण भुकेचं काय, ती सगळ्यांनाच लागते. माझं गेलंय ते भरलेपण. लहानपणी मी आईला विचारलं होतं की पोट भरलं हे कळतं कसं. आईला वाटलं मी चेष्टा करते. तू म्हणालास, पातेलं रिकामं झालं की कळतं, आणि सगळे हसले. मीही हसले, कारण उत्तर मला पटलं होतं. मला खरंच दुसरं काही माहीत नव्हतं. चाळिशी उलटल्यावर, पट्ट्यात पहिल्यांदा नीट पाणी बसलं तेव्हा, अर्धी वाटी सूप पिऊन माझा चमचा आपोआप खाली गेला. आत कुणीतरी हलक्या हातानं दार लोटून घ्यावं तसं शांत वाटलं. मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. लोकांना हे रोज वाटतं आणि तरी ते जेवताना वर्तमानपत्र वाचू शकतात, याचंच मला नवल वाटत राहिलं.

ते आता गेलंय. सर्जनबाई म्हणतात की बहुतेक वेळा डबीच तेवढी उलटते, ती नव्यानं बसवली की झालं. नळीला भेग असली तर तेवढा तुकडा कापून ती पुन्हा जोडता येते. पण पट्टाच गळत असला तर तो काढावा लागेल, आणि दुसरा बसवता येईलच असं नाही. दुरुस्ती आणि काढणं, दोन्हींच्या कागदांवर मी सही केली आहे. म्हणजे पट्ट्यासकट जागी होईन की पट्ट्यावाचून, हे गुंगीत जाताना मला माहीत नसणार. ऑपरेशनला मी भीत नाही रे दादा. पुन्हा ते न कळणं वाट्याला आलं तर, याला भिते.

बाईंनी डबी उलटायचं कारणही विचारलं. कुठे पडले का, जड उचललं का, खूप उलट्या झाल्या का. मी तिन्हींना नाही म्हटलं. मग त्यांनी काम विचारलं. मी सांगितलं, नाटकांचे पोशाख बेतते; दिवसभर टेबलाशी उभी, हातात कात्रीहून जड काही नसतं. त्या म्हणाल्या की विचार करून ठेवा, कारण सापडलं नाही तर मी बसवलेली डबीही उद्या उलटेल. विचार करतेय. डोक्यात काही येत नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ सैल पडू देऊ नये.

तुझी,
मुंगी

१४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रानं माझं जेवण बिघडवलं. तृप्ती या शब्दावर मी वर्षानुवर्षं अख्खा तास घेत आलो; पण ती माझ्या स्वतःच्या ताटाशी येते कधी, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आता रोज दबा धरून बसतो. घास घेतो, थांबतो, कान देतो. काल तिची वाट बघता बघता भात संपला. परवा ती आली असं वाटून उठलो आणि तासाभरात फडताळातला पाव शोधू लागलो. वहिनीचं म्हणणं की मी शेजारच्यांचं भांडण ऐकत असल्यासारखा जेवतो. मुंगे, ही गोष्ट सगळ्यांच्या पोटात म्हणे फुकट बसवलेली असते, आणि मला ती बोटानं दाखवता येत नाही. तुला मात्र ती कशी असते हे पक्कं ठाऊक आहे, कारण तू तिच्याशिवाय राहिलीस.

वहिनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुझ्याकडे पोचेल आणि तू चालतीफिरती होईपर्यंत राहील. मी आलो असतो, पण परीक्षा तोंडावर आल्या आहेत. न येण्याचं दुसरं एखादं कारण ती सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नये.

सर्जनबाईंच्या प्रश्नाचं उत्तर शोध. तू माणसाच्या खांद्याकडे बघून तो कुठल्या हातानं पिशवी धरतो ते सांगतेस; एकदा स्वतःकडेही बघ.

काळजी मी करतो, लोभाचं खातं तू सांभाळ.

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बघितलं. सापडलं.

काल संध्याकाळी कामाचा काळा एप्रन काढून खुंटीला लावत होते. त्याच्यावर आडवी पांढरी रेघ होती. रोजच असते; मी रोज झटकते आणि रोज विसरते. बेतायच्या टेबलाच्या कडेवर खडूची भुकटी साठते आणि मी वाकले की ती पोटावर उमटते. काल झटकायला हात उचलला आणि तसाच राहिला. मी डावखुरी. लांब झगा बेतताना डावा हात पुढे जातो आणि सगळा भार डाव्या अंगावर येतो. रेघ उजवीकडे पुसट होती, डावीकडे दाट. आणि जिथे सगळ्यांत दाट, बरोबर तिथेच खाली डबी.

हे काम मी वीस वर्षं करतेय, मग डबी आत्ताच का उलटावी? तेही सर्जनबाईंनी उलगडून सांगितलं. मी जाड होते तेव्हा डबी खोल होती, टेबल तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. पट्ट्यानं मला बारीक केलं, तशी ती वर वर येत गेली आणि शेवटी टेबलाच्या कडेला भिडली. म्हणजे गुण आला म्हणूनच बिघाड झाला. तुला हे आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

एप्रन तसाच घडी करून मी दवाखान्यात नेला. बाईंनी तो मला घालायला लावला, आणि तपासायच्या टेबलाशी उभी करून कापड बेततेय अशी वाकायला सांगितलं. मग खुर्चीत बसवलं, पुन्हा उभं केलं. शेवटी रेघेच्या बऱ्याच वर, बरगडीकडे, पेनानं एक फुली मारली. डबी आता तिथे. दादा, हजारो माणसांच्या अंगावर मी खुणा केल्या, पण माझ्या अंगावर कुणी खूण करण्याची ही पहिलीच वेळ. माप देताना लोक श्वास धरून ठेवतात म्हणून मी त्यांना रागावते. बाईंनी मला त्याचसाठी रागावलं.

आता डबीचा प्रश्न सुटला. पट्टा गळतो की नाही ते आत गेल्यावरच कळणार. सेटवरच्या सुताराला टेबलाची कड गोल करून वर फोम बसवायला सांगितलं आहे. मी कामावर परतेन असं धरून सांगितलंय.

लोभ फुलीवर नेमका असू दे.

तुझी,
मुंगी

२७ फेब्रुवारी

श्री. पंडितजींना,
सा. न. वि. वि.

पट्टा शाबूत, एवढी बातमी फोनवर दिली. आता उरलेलं खरं.

सकाळी तिला उपाशीपोटी नेलं. जाताना फुली नीट दिसतेय ना, हे तिनं मला तीनदा बघायला लावलं. तासाभरात सर्जनबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. पट्टा आणि नळी पाण्यानं फुगवून बघितली, कुठेही गळत नव्हतं. डबी जुन्या जागेवरून काढली आणि फुलीच्या खाली, स्नायूवरच्या चिवट पापुद्र्याला टाक्यांनी बसवली. डबीच्या काठाला भोकं असतात, त्यांतून दोरा घेतात. माझ्या तोंडून निघून गेलं की म्हणजे बटणच. त्या हो म्हणाल्या.

मुंगी शुद्धीवर येत होती तेव्हा मी शेजारीच होते. डोळे उघडायच्या आधी तिचा हात पोटाकडे निघाला. सिस्टरनं तो अलगद बाजूला केला आणि वाकून सांगितलं की पट्टा आहे. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तशीच ती हसत पुन्हा झोपली. मी इतकी वर्षं तिला ओळखते, पण असा चेहरा पाहिला नव्हता. संध्याकाळी सर्जनबाई बघायला आल्या तर हिचा पहिला प्रश्न, बटणाच्या मुळाशी दोऱ्याचे वेढे घेतले का. त्या इतक्या हसल्या की बाहेरून दुसरी सिस्टर डोकावली. म्हणाल्या, हा कोट नाही.

त्याच रात्री घरी आलो. आता ती घरात फेऱ्या मारते. उठताबसताना पोटावर उशी धरते. आधी पातळ, मग मऊ, असं खाणं. जखम भिजवायची नाही, काही आठवडे जड उचलायचं नाही. कापडाचा तागा उचलायला निघाली होती, मी त्या ताग्यावरच बसले.

तुमच्या परीक्षांचं तिनं विचारलं. मी तिला रक्ततपासणीच्या वेळची हकीकत सांगितली: सुई दंडाला लागायच्या आधीच तुम्ही कसे आडवे झालात, आणि सिस्टरचा ट्रेही सोबत कसा आणलात. हसताना टाके दुखतात म्हणून तिनं मला थांबवलं.

पातेली घासून ठेवावीत. लोभाला इथून काही कमी नाही.

तुमची,
मीच

१० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ट्रेची हकीकत मी अजून पुरवून पुरवून आठवते.

वहिनी गेल्यावर एकदा घाबरले होते. फुलीच्या जागी आधी काळंनिळं झालं, मग पिवळं पडलं आणि खाली एक कठीण गोळा हाताला लागला. सिस्टरनं दाबून पाहिलं आणि सांगितलं की हे भरून येतंय, यानं घाबरू नका. घाबरायचं ते लाली पसरू लागली, पाणी यायला लागलं किंवा ताप चढला तर. तसं झालं असतं तर फोनही न करता यायचं होतं. झालं नाही. गोळा हळूहळू विरला. सगळ्यांत अवघड होतं ते थांबणं. जखम पूर्ण भरेपर्यंत पट्ट्यात पाणी सोडत नाहीत, म्हणजे सगळं दुरुस्त होऊनही मी जेवायला बसायची ती पहिल्यासारखीच, न कळता.

काल पहिल्यांदा पाणी सोडलं. सिस्टरनं दोन बोटांनी डबीची कड चाचपली, आणि सुई पहिल्याच खेपेला आत. गेल्या वेळी याच सिस्टरनं घामाघूम होऊन हार मानली होती. तिला माझ्याहून जास्त आनंद झाला. मग तिच्यासमोर बसून घोट घोट पाणी प्यायचं, ते उतरतंय हे दाखवायचं. उतरलं. ग्लास संपला.

पण भरलेपण अजून आलेलं नाही. ते एकदम येत नाही म्हणे, थोडं थोडं पाणी वाढवत जावं लागतं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी पुन्हा आहे. रविवारी तू ये. परीक्षा संपल्या आहेत, हे मला शाळेच्या वेळापत्रकावरून कळतं.

लोभाचा घोट अडू देऊ नये.

तुझी,
मुंगी

२१ एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. हे पत्र लिहितोय ते तू पाहिलं नसशील ते सांगायला. तू आत होतीस, मी समोर होतो.

काल मी जेवता जेवता नेहमीसारखा बोलत होतो. विषय मला आठवत नाही, म्हणजे तो महत्त्वाचा असणार. माझ्या वाक्याच्या मधोमध तुझा चमचा खाली गेला. ठेवलास असं मी म्हणणार नाही, तो गेला. वाटीत सूप उरलं होतं. तू त्याच्याकडे बघत राहिलीस. दूरच्या गावाला गेलेलं माणूस न कळवता उंबऱ्यात उभं राहावं, तसा तुझा चेहरा झाला. माझं वाक्य तिथेच पडलं आणि ते उचलायची मला हिंमत झाली नाही. एवढ्या वर्षांत कुठल्याही शब्दाचा अर्थ मला इतका लख्ख दिसला नव्हता. मग तू वाटी माझ्याकडे सरकवलीस, आणि मी ती संपवली, कारण कुणीतरी घराण्याचं नाव राखायला हवं.

नंतर तू माझं बोट धरून ब्लाउजच्या कडेशी बरगडीखाली ठेवलंस. मी बेशुद्ध पडलो नाही, ही नोंद वहिनीच्या माहितीसाठी. कातडीखाली ती गोल कड लागली. स्थिर, सुलटी, तुझ्या श्वासाबरोबर वर येणारी आणि खाली जाणारी. मी इतकी वर्षं देवळांच्या दारांशी वाकलो असेन, पण दाराला हात लावल्यासारखं मला काल वाटलं.

आज घरी जेवायला बसलो. वहिनीनं आणखी वाढू का विचारलं. मी थांबलो, कान दिला, आणि मुंगे, ते आलं. अगदी हळू, कुणी दार लोटून घ्यावं तसं, तू लिहिलं होतंस तसंच. मी नको म्हणालो. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली.

पातेल्यात अजून शिल्लक होतं.

तुझा,
दादा