रस्त्यापलीकडची भाजी

सालवड, बोईसर
रविवार, २० जुलै २०२५

चि. ज्ञानेश्वरीस,

तुला आणि दिग्विजयरावांना खूप आशीर्वाद. तिकडे नाशिकला पाऊस जोरात आहे असं बातम्यांत पाहिलं. तुझ्या घराचा मागचा कोपरा गळत होता, तो दुरुस्त करून घेतला असशील.

सकाळी तुझा फोन येऊन गेला. तू विचारलंस, जेवण नीट चाललंय ना, आणि मी म्हणालो, व्यवस्थित. फोन ठेवला आणि लिहायला बसलो. कागद घेऊन शेवटचं पत्र कधी लिहिलं होतं ते आठवत नाही. पण आपलं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत संपतं आणि मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही.

आधी इकडची खबर. माझा गुडघा आहे तसाच आहे. तळमजल्यावरचं दुकान अजून चालू आहे, पण त्यात वेफर्स, बिस्किटं, कोल्ड्रिंक आणि कोंब आलेले बटाटे याशिवाय काही मिळत नाही. भाजी हवी तर नाक्यापर्यंत चालायचं, शेअर रिक्षा मिळेपर्यंत उभं राहायचं, बोईसरच्या बाजारात जायचं आणि पिशवी घेऊन तसंच परत. शेजारच्या तेजलनं मोबाइलवर घरपोच भाजीचं काहीतरी उघडून दिलं होतं. आपला पत्ता टाकला की 'तुमच्या भागात ही सेवा उपलब्ध नाही' असं येतं. आजूबाजूला एवढे कारखाने, एवढे टँकर जातात, तीन इमारतींत दीडशे घरं आहेत, आणि पालेभाजीची एक जुडी मिळत नाही.

तुझी आई गेल्यापासून मी नीट जेवत नव्हतो. चहा-खारी, दूध-पाव, कधी वरणभात. मे महिन्यात जिन्यात चक्कर येऊन पडलो. तुला कळवलं नाही. तेजलनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी हिरड्या पाहिल्या, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "काका, हिरवं काही शेवटचं कधी खाल्लंत?" मला सांगता आलं नाही. म्हणजे दिवस आठवत होता. सांगता आलं नाही.

तुला भागी आठवते का? पूर्वी दिवाळीत यायचीस तेव्हा गेटपाशी पाटी घेऊन बसायची ती, मनोरच्या बाजूच्या डोंगरातली. मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, करटुली, एरवी लाल माठ, वाल, मुळ्याचा पाला. आईची आणि तिची गट्टी होती. शेवळं घशाला खाजरी असतात, त्यात आंबट काकडाची फळं टाकायची, हे तिनंच आईला शिकवलं. आई तिला आपल्या खानदेशातल्या पोकळ्याच्या भाजीचं बी द्यायची. दोघी गेटपाशी अर्धा-अर्धा तास बोलत बसायच्या. मी गॅलरीतून हाक मारली की आई म्हणायची, "आले हो, भाजी निवडूनच आणते."

दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. निवृत्तीनंतर कोणी तरी पुन्हा 'साहेब' म्हणू लागलं होतं, ते मला आवडलं, हे खोटं कशाला सांगू? कमिटीतल्या हितेशनं नवीन गाडी घेतली होती, गेटपाशी वळवताना भाजीवाल्यांच्या पाट्या आड यायच्या. कोणाच्या दारातून चपला गेल्या. देठं, पाला पडतो अशाही तक्रारी होत्या. मी नोटीस काढली. फेरीवाल्यांना आवारात आणि गेटपाशी बसण्यास सक्त मनाई. मीच टाइप केली, मीच सही केली, शिक्का मारला.

आई म्हणाली, "अहो, भागीनं कोणाच्या चपला नेल्या? ती भाजी विकते फक्त."

मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा."

बाकीचे फेरीवाले दुसरीकडे गेले. भागी रस्त्यापलीकडे बसस्टॉपच्या शेडखाली बसू लागली. तो रस्ता तुला माहीत आहे. टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि मध्ये दुभाजक नाही. हळूहळू बायका जायच्या बंद झाल्या. आई जात राहिली. मला वॉचमन झिपरूकडून कळलं. त्या दिवशी मी तिला जे बोललो ते लिहायला हात वळत नाही, पण लिहितो. म्हणालो, "सेक्रेटरीच्या बायकोनंच लोकांना दाखवत भाजी आणायला जायचं? उद्या मीटिंगमध्ये मला तोंड वर काढता येईल का?" ती ताट वाढून आत गेली. त्यानंतर घरात कोबी आणि बटाटा दिसू लागला आणि मला वाटलं, ऐकलं तिनं.

गेल्या श्रावणात शुक्रवारी दुपारी त्याच रस्त्यावर टेम्पोच्या धडकेनं ती गेली. तुला मी काय सांगितलं ते तुझ्या लक्षात असेल. गोळ्या संपल्या होत्या, समोरच्या मेडिकलमध्ये गेली होती. तेराव्याला तू मला विचारलंस, "तुम्ही का नाही गेलात गोळ्या आणायला? झोपला होतात?" मी मान खाली घातली. त्या दिवसापासून तू माझ्याशी मोजकंच बोलतेस. आणि मी ते सोसत राहिलो, कारण तो आळशी नवऱ्याचा दोष होता, छोटा होता. खरा दोष त्याच्यामागे लपत होता.

खरं म्हणजे ती कशाला गेली होती याची मला खात्री नव्हती, असंही मी स्वतःला सांगत होतो. मी धावत खाली गेलो तेव्हा भागी रस्त्याच्या कडेला बसलेली, आईचं डोकं तिच्या मांडीवर. आईच्या हातात पिशवी नव्हती. पोलिसांनी विचारलं, कशाला आल्या होत्या? मी म्हणालो, औषधं आणायला. भागीनं फक्त माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ती इकडे कधी आली नाही.

चक्कर येऊन पडल्यापासून भागी सारखी डोळ्यांसमोर येत होती. जूनच्या शेवटी झिपरूला बरोबर घेऊन, जीपनं आणि मग बरंच चालून, मी तिच्या पाड्यावर गेलो. कारवीच्या कुडाचं घर. ती अंगणात भाताच्या रोपांच्या पेंढ्या बांधत होती. मला पाहून उठली.

"सायेब, तुमी? बसा. पानी घ्या."

मी म्हणालो, "भागीबाई, तू भाजी विकायला का येत नाहीस?" मूर्खासारखा प्रश्न. दुसरं काही सुचलं नाही.

"त्या रोडला पाय उठत नाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमी लई वाळलाव."

तिनं जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी, सुक्या जवळ्याची चटणी. तिच्या घरातही काही भरलेलं नव्हतं गं. रेशनचं दुकान दीड तासाच्या वाटेवर, कधी मशीन अंगठा घेत नाही म्हणून हात हलवत परत. भाजी विकून येताना ती बोईसरहून तेल, डाळ आणायची, तेही माझ्या नोटिशीनंतर कमी होत गेलं आणि मग थांबलं. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. मी ती भाकरी खाल्ली. दहा महिन्यांनी पोटभर जेवलो आणि जेवताना रडलो. झिपरू उठून बाहेर गेला.

मग मी विचारलं, "त्या दिवशी ती तुझ्याकडेच आली होती ना?"

"हो. तुमी निजलाव का यायची. करटुली घेतली, लाल माठ घेतला. माघारी जाताना टेम्पोनं उडवली." तिनं माझं ताट उचलून बाजूला ठेवलं. "शुद्धीत व्हती तवा. मला म्हनली, भागी, ही पिशवी तू ठेव. घरी जायला नको. ते बघतील."

ज्ञानू, तुझ्या आईचे शेवटचे शब्द हे आहेत. तुझं नाव नाही, माझं नाव नाही, देवाचं नाही. मला पिशवी दिसू नये एवढीच तिला काळजी होती. बत्तीस वर्षं ज्या बाईनं माझं ताट वाढलं, तिला मरताना माझी भीती वाटली. हे घेऊन मी डोंगर उतरलो.

गेल्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. मी उभा राहिलो आणि नोटीस रद्द करा म्हणालो. हितेश म्हणाला, "काका, पुन्हा गेटवर घाण होणार." तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझी बायको औषधं आणायला गेली नव्हती. तेजल रडायला लागली. शेवटी ठरलं, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आवारात, पार्किंगच्या कोपऱ्यात बसायला हरकत नाही. मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा तिथेच दिला. हितेशनं तो घडी घालून खिशात ठेवला.

झिपरूबरोबर भागीला निरोप पाठवला, पण ती आली नाही. तिनं सुनेला, मंगळीला, पाठवलं. परवा शुक्रवारी ती पहिल्यांदा बसली आणि तासाभरात पाटी रिकामी झाली. बायका एकमेकींच्या आधी हात घालत होत्या. मीही त्यांच्यात उभा राहून भाजी घेतली. भाजी निवडायची कशी ते मला येत नाही. पिवळी पानं, किडकी पानं, सगळं भाजीत तसंच राहिलं. जेवलो मात्र. जेवायला समोर कोणी नाही याची सवय होईल असं लोक म्हणतात. मला झालेली नाही, आणि व्हावी असंही वाटत नाही.

हे सगळं तुला आता का सांगतोय, असं तू विचारशील. मन हलकं करायला नाही. ते होणारही नाही. तू वर्षभर चुकीच्या गोष्टीसाठी माझ्यावर रागावली आहेस. आता खऱ्या गोष्टीसाठी रागव. तेवढा तुझा हक्क आहे, आणि तो मी दाबून ठेवला होता.

श्रावणात वर्षश्राद्ध आहे. मी गुरुजींना सांगितलं आहे. तू यावंस असं मला फार वाटतं, पण हे वाचून तुला माझं तोंड पाहवणार नसेल तर येऊ नकोस. फक्त रजा मिळाली नाही, तब्येत बरी नाही, असं काही कळवू नकोस. 'येणार नाही' एवढंच लिही. खोटी कारणं सांगणारा या घरात एक झाला, तेवढा पुरे.

तुझे,
बाबा