भर सभेत ठेवलेला पटका

प्रिय शालू,

हैदराबादेच्या स्टेशनावर तू आम्हाला गाडीत बसवून दिलंस, तेव्हापासून आपण धड बोललो नाही. फोन रोज होतो. तू विचारतेस, "मामा, जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो." मग तू मामीला फोन द्यायला सांगतेस. काल मामी माझ्यावरच खेकसली, "दोघांनी बी मिठाची गुळणी धरली का? तोंड न्हाई का तुमाला?" म्हणून आज कागद घेऊन बसलो. शाळेची पायरी मी चढलो नाही, पुडीच्या कागदावरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलो, हे तुला ठाऊकच आहे. अक्षर डोंगर चढेल-उतरेल, सांभाळून घे.

इकडं सगळं बरं आहे. काळ्या कानाच्या मेंढीला जुळं झालं. बोरीच्या बाजारात सिताराम भेटला होता, विचारत होता, "भाची चंद्रावर पोचली का?" मी म्हणालो, चंद्र तिला जवळ पडतो, ती लय पुढं गेली. तो हसला. मी पण हसलो, पण घरी येईस्तोवर तोंड कडू झालं होतं.

का ते सांगतो. तुझ्या त्या संस्थेवर मी जळतो, शालू. सवतीवर बाई जळते तसा. मामीला हे बोललो तर ती पदर तोंडाला लावून हसायली, "ह्या वयात म्हाताऱ्याला सवत आली."

तुझा बाप गेला तेव्हा तू मामीच्या मांडीत मावायचीस. उन्हाळ्यात दिवेलागण झाली, मेंढरं कोंडली, की मी तुला खांद्यावर घेऊन उत्तरेकडं बाज, म्हणजे तुमचे सप्तर्षी, दाखवायचो. चार खूर, मागं तीन चोर. तू विचारायचीस, "मामा, चोर बाज कधी नेणार?" मी म्हणायचो, "तू झोपलीस की." तू झोपायचीच नाहीस. तेव्हा आभाळ आपल्या दोघांचंच होतं, तिसऱ्याचं नाव नव्हतं. पुढं तू शिकलीस, परभणी झाली, पुणं झालं, बेंगळुरू झालं, तरी माझं काही दुखलं नाही. मग ही संस्था आली. देशभरातल्या आभाळवाल्यांची म्हणे एकच संस्था. तेव्हापासून तुझ्या तोंडी "आमचं अधिवेशन", "आमचे अध्यक्ष", "आमची माणसं". मी गप ऐकायचो अन् मनात म्हणायचो, मग आम्ही कोण गं?

एकदा न राहवून विचारलं, की ही तुमची संस्था करते तरी काय? तू सांगितलंस, वर्षातून एकदा सगळ्यांना एका छताखाली बसवते. ज्यानं त्यानं आपलं काम मांडायचं, बाकीच्यांनी तपासायचं. नव्या पोरांच्या पाठीवर हात ठेवते. मोठी दुर्बीण पाहिजे असली तर दिल्लीला सगळ्यांच्या वतीनं बोलते. शाळांतून लेकरांना आभाळ दाखवते. मला वाटलं, हे तर समाजाच्या पंचांसारखंच झालं. अन् तिथंच मी फसलो.

तू आग्रहानं हैदराबादेच्या अधिवेशनाला बोलावलंस म्हणून आलो. मामीनं नवं लुगडं काढलं, मी गुलाबी पटका बांधला. केवढं ते सभागृह, केवढी माणसं, अन् तू मंचावर उभी. तुझ्या त्या मंद होणाऱ्या ताऱ्याचं चित्र पडद्यावर. मला भाषा कळत नव्हती पण तुझा आवाज कळत होता, घाबरलीस की तू लहानपणापासून डाव्या हातानं वेणी धरतेस, ते मला ठाऊक. मग ते चंद्रभान सर उठले. पिकल्या केसांचे, पुढच्या रांगेतले. पडद्याकडं बोट करून काहीबाही बोलले अन् तुझा हात वेणीवर गेला. मी शेजारच्याला विचारलं, "क्या बोल रहे साब?" तो म्हणाला, "बोल रहे, हिसाब गलत है."

भर सभेत आपल्या लेकराला कुणी चुकलं म्हणालं, तर घरातल्या वडीलधाऱ्यानं बसून राहायचं नसतं. आपल्यात रीत आहे, उठायचं, पटका पंचांच्या पुढ्यात ठेवायचा अन् म्हणायचं, चूक आमच्या घराची, लेकराला सांभाळून घ्या. मी तेच केलं. पटका काढला अन् चंद्रभान सरांच्या पायाशी ठेवला. सरांनी खाली वाकून दोन्ही हातांनी पटका उचलला, माझ्या हातात दिला अन् मला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवून घेतलं. त्या माणसाला मी काय बोल लावू? पण तुझ्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.

चहाच्या वेळी मामी अन् मी खिडकीपाशी उभे होतो. तू कुठं, तर त्याच चंद्रभान सरांपाशी. कागदी पेल्यावर पेन्सिलीनं काहीतरी काढत होतात, डोक्याला डोकं लावून. तू हसत होतीस, शालू. ज्यानं तुझी चूक काढली त्याच्यापाशी तू हसत होतीस, अन् ज्यानं तुझ्यासाठी डोकं उघडं केलं त्याच्याकडं दिवसभर बघितलं नाहीस. खोटं कशाला बोलू, तो चहा मला गेला नाही. चष्मेवाली तुझी एक मैत्रीण आमच्याकडं बघून तुला काहीतरी विचारत होती. मी आपला बाहेरच्या झाडाकडं बघत राहिलो.

रिक्षात तू एवढंच बोललीस, "मामा, आमच्यात चूक दाखवणं म्हणजे भांडण नसतं. ज्याचं काम मन लावून ऐकलं, त्याचीच चूक काढतात. ते आपल्याला सोडून देत नाहीत, म्हणून तर काढतात." मी मान हलवली. पण ते बोलणं तेव्हापासून माझ्यासोबत मेंढरांमागं फिरतंय. आठवून बघितलं, जन्मभरात मी तुझी एक चूक काढली नाही. बिनबापाची पोर, म्हणून तू म्हणशील ते बरोबर. तू कच्ची भाकरी केलीस तरी मी म्हणायचो, अशी मामीला बी जमत नाही. त्यांनी तुला जे दिलं ते माझ्यानं देणं झालं नाही, म्हणून मी एवढा जळत असेन.

तर आज तुमच्या संस्थेची रीत धरून लिहितो, त्यासाठीच हे पत्र. त्या चष्मेवाल्या पोरीनं तुला विचारलं होतं, "ये कौन हैं?" अन् तू म्हणालीस, "गाँव से आए हैं." हिंदी मला येते गं, आपल्या मराठवाड्यात कुणाला येत नाही? मामीनं पण ऐकलं, तिनं मला सांगितलं नाही अन् मी तिला. शालू, ते चुकलं तुझं. "मेरे मामा हैं" म्हणायला पाहिजे होतं, डोक्यावर पटका नसला तरी. चूक काढली, सोडून दिलेलं नाही. मामीनं तुझ्यासाठी खव्याची पोळी करायची ठरवली आहे. तू ये, अन् माझ्यापाशी पण तशी डोक्याला डोकं लावून बस.

तुझाच, पटका पुन्हा नीट बांधलेला,
येडबामामा