हातावरचा शिक्का

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६. म्हसावद.

रुपाचा मेसेज. चार महिन्यांनी. "रविवारी नंदुरबारला आमचा एक्स्पो आहे. सुरतहून येतेय. संध्याकाळच्या गाडीने परत. वेळ असेल तर या."

'या' म्हणजे काय ते बापाला कळतं. पोरीला घरी यायचंय, सरळ म्हणता येत नाही एवढंच. तिची आई सुंदरबाई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, ती म्हसावदला आलेली नाही. कामाचा लोड असतो. सुरतला कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते. जन्मापासून ऐकू येत नाही, पण डोकं माझं घेतलंय. ओठ बघून सगळं समजायचं तिला. काहीही सांगा, लगेच मान हलवायची. गुणी पोर.

प्लॅन पक्का. रविवारी तिला घेऊनच परतायचं. रागवायचं नाही. सावकाश बोलायचं.

तिच्या खोलीतली मिरचीची पोती बाहेर काढायला घेतली. दोन काढली. बाकी उद्या.

शनिवार, १० जानेवारी.

यूट्यूबवर खुणांची भाषा शिकलो. एकूण अकरा मिनिटं. नमस्कार, पाणी, घर. सोपी आहे, लोक उगाच बाऊ करतात.

पूर्वी माझा खुणांना विरोध होता. शाळेतल्या बाईंनीच सांगितलं होतं, हातवारे करू दिलेत तर पोर तोंडाने बोलायला शिकणार नाही. आपण शिस्तीचे. आता ती सव्वीसची झाली, आता हरकत नाही.

ओट्यावर सराव करत होतो तर शेजारचा भिला म्हणाला, "आप्पा, माश्या हाकली ऱ्हायनात का?" अडाणी माणूस. त्याला सांगून टाकलं, उद्या रुपा येणार. मग गल्लीभर सांगितलं.

पोती राहिली. उद्या पहाटे नक्की.

रविवार, ११ जानेवारी. सकाळी ७.१०, एसटीत.

पहाटे थंडी फार, पोत्यांना हात लावला नाही. 'पाणी'ची खूण विसरलो. बाकी दोन पक्क्या आहेत. पोरीला काही पाणी मागायचं नाही.

१०.२०. नंदुरबार.

मंगल कार्यालय. चार-पाचशे माणसं, सगळ्यांचे हात चाललेले. आवाज खुर्च्यांचा, चपलांचा आणि हसण्याचा. कोणी कोणाला हाक मारत नाही, खांद्याला हात लावतात नाहीतर दिवा चालू-बंद करतात. नोंदणीच्या वहीत 'मूकबधिर मुलीचे वडील' असं लिहिलं. टेबलावरच्या बाईने 'मूक'वर रेघ मारली. माझं अक्षर तिला लागलं नसावं.

रुपा भेटली. स्वतःचा स्टॉल आहे, डिझाइनं मांडलीत. अंगाने भरली आहे. नमस्कार केला, मग लगेच 'घर' केलं. ती बघतच राहिली. पुन्हा केलं. मग अलमास नावाची मुलगी मदतीला आली. इथलीच. तिच्या आई-वडिलांना ऐकू येत नाही, म्हणून लहानपणापासून खुणा येतात, आता इंटरप्रिटर आहे. म्हणाली, काका, तुम्ही मघापासून तंबू तंबू म्हणताय.

व्हिडिओच चुकीचा असणार.

११.४५.

आनंदाची गोष्ट. या लोकांत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. माणसाची काहीतरी ओळख धरून ठेवतात. अलमासचे वडील रमजान, टेलर आहेत, त्यांचं नाव ओठांत टाचण्या धरल्यासारखं. अलमासचं गालावरच्या खळीचं.

आणि मलाही नाव आहे! रुपा कोणाशीही माझी ओळख करून देते तेव्हा उजवा हात डाव्या हातावर आपटते. म्हणजे शिक्का. एकतीस वर्षं पंचायत समितीत क्लार्क होतो, मारलेल्या शिक्क्यांची गणती नाही. पोरीने लक्षात ठेवलं. सुरतच्या लोकांनाही माहीत आहे, खूण बघितली की त्यांचे चेहरेच बदलतात. सरकारी नोकरीचा दरारा असतो तो.

डोळ्यांत पाणी आलं. स्टॉलमागे जाऊन पुसलं.

२.००.

श्वास घ्यायला वेळ नाही. अंथरूण हलवणारं गजराचं घड्याळ बघितलं. दारावरची बेल दाबली की घरात दिवा लागतो, तेही बघितलं. खुणांच्या मोफत वर्गात पहिल्या बाकावर बसलो, चहा आला म्हणून मधेच उठलो. प्रत्येक स्टॉलवर आपलं नाव सांगितलं, हात आपटून. धुळ्याच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रमजानभाईंनी माझा वरचा हात धरला आणि हळूच खाली ठेवला. दमाल, असं म्हणायचं असेल. चांगला माणूस.

संकल्प: तीन वाजता रुपाशी सरळ बोलायचं. स्टेजवरून माझं नाव घ्यायलाही सांगायचं.

४.१०.

लिहावं की नाही.

स्टेजचं मी अलमासला सांगितलं, मला माझ्या खुणेने बोलवा, शिक्क्याच्या. रुपाकडे बघितलं तिने, मग माझ्याकडे.

"काका, तो शिक्का नाही. हातावरचा फटका आहे."

पट्टी हलकी होती. लाकडी होती, पण हलकी. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. रोज मारत नव्हतो. खुणा करायला हात वर आला तरच. त्या काळी सगळेच आई-बाप तसं करायचे, आणि रुपा कधी रडलीही नाही. निदान माझ्यासमोर नाही. मी स्वयंपाकघरात गेलो की मायलेकींचे हात पदराखाली जायचे. मला वाटायचं, पीठ लागलंय म्हणून.

हॉलमधल्या किती लोकांना मी ते स्वतः सांगितलं. हात आपटून, हसून.

तरी प्लॅन सोडला नाही. रुपाला म्हटलं, खोली तयार आहे, चल. रुपाचे हात भराभर चालले आणि अलमास म्हणाली, "मी म्हसावदला येणार नाही." मी तिला समजावलं, बाई, तुला कोण नेतंय, तुझं घर तर इथे नंदुरबारला. कोणी हसलं नाही. अलमास म्हणाली, काका, मी रुपाचं बोलणं सांगतेय. 'मी' म्हणजे रुपा.

सव्वीस वर्षांत पोरीचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं, तेही दुसऱ्याच्या पोरीच्या आवाजात. ते असं होतं. "शाळेत 'आहे' म्हणणारे ओठ शिकवले. घरात सगळे त्यालाच 'शे' म्हणायचे. तुमच्या ओठांवरचं मला कधी कळलंच नाही, आप्पा. मार नको म्हणून मान हलवायचे. आई हातांनी बोलायची. आई गेली. आता त्या घरात माझ्याशी कोण बोलेल?"

मी बोलेन, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "तू मन्ही पोर शे." अलमासने तेही हातांनी सांगितलं.

रुपाने मान हलवली. तेव्हा कळलं, ती मान हलवते तेव्हा काय असतं. फार वाईट वाटलं.

५.४०. स्टेशन.

सामान उचलायला गेलो होतो. अलमासही आली होती. तिला म्हटलं, रुपाचं खुणेचं नाव काय, विचार. रुपाने हातातली पिशवी खाली ठेवली. मग केलं. आईने ठेवलंय म्हणाली, ती पाच वर्षांची असताना. मी केलं, चुकलं. तिने माझं बोट धरून नीट बसवलं. पुन्हा केलं. बरोबर आलं. तिने अंगठा दाखवला. गाडी आली.

७.०५, एसटीत. प्रकाशा गाव आलं.

वाटभर नाव करत आलोय. शेजारचा माणूस दुसऱ्या सीटवर गेला. इथे लिहून ठेवत नाही. पोरीचं नाव लिहून ठेवायची वेळ बापावर येत नसते.

उद्यापासून रोज एक तास खुणा. महिन्यात सगळी भाषा. मग सुरतला जायचं, न कळवता, आणि दारात उभं राहून तिला तिच्या नावाने हाक मारायची.

सोमवार, १२ जानेवारी. सकाळी ६.३०. म्हसावद.

दोन बोटं. की एकच.

गालावरून हनुवटीकडे यायचं, की कपाळावरून? बोट तिने वाकवलं होतं एवढं आठवतं. आरशासमोर उभं राहून सगळ्या तऱ्हा करून बघितल्या. सगळ्याच बरोबर वाटतात. या गावात विचारावं असं एकच माणूस होतं. ते चार वर्षांपूर्वी गेलं.

दमल्यामुळे होतं असं. दुपारी आठवेल.

रुपाचा मेसेज आहे, "पोहोचले. तुम्ही पोहोचलात?" पोहोचलो म्हणून लिहिलं. व्हिडिओ कॉल केला तर ती पुन्हा करून दाखवेल, त्यात अवघड काही नाही. त्याआधी कळवायला हवं, कशासाठी करतोय ते. 'तुझं नाव काय' असं टाइप केलं.

पुसून टाकलं.