पहिल्या तासाची वाटी

३ मार्च, मंगळवार

शेजारच्या खुर्चीत नवा माणूस! कानटोपी, मास्क, वर गॉगल. एवढ्या बंदोबस्तात लोक बँक लुटायला जातात, डायलिसिसला नाही. सुई टोचताना मात्र "आई गं!" म्हणाला, आणि माझ्या दुसऱ्या बाजूचा कंडक्टर ताडकन सावरून बसला.

"अहो बाई, हा आवाज... लोणीदादा!"

लोणीदादाच. टीव्हीवरचा. दर रविवारी अकराला कढईत लोण्याची अख्खी वडी सोडून "घाबरू नका, प्रेम आहे!" म्हणणारा. मीही पंधरा वर्षं त्याच्याबरोबर प्रेम करत आले. आधी वजन, मग साखर, मग रक्तदाब, आणि आता ही खुर्ची, आठवड्यातून तीनदा.

त्याने मोकळा हात छातीला लावून वॉर्डभर विनवलं, "बाहेर बोलू नका. नवे भाग सुरू व्हायचेत."

कंडक्टर बसमधून निवृत्त झाला, पण बस त्याच्यातून निवृत्त झालेली नाही. म्हणाला, "बसा दादा, सुट्टे काढून ठेवा. ही गाडी मधल्या स्टॉपवर थांबत नाही."

५ मार्च, गुरुवार

धाकट्या बहिणीने गाडीतून घरी आणलं. तिला सांगितलं कोण भेटलं ते. म्हटलं, संपादकाला एक फोन केला की पहिलं पान. आयुष्यभर वार्ताहर म्हणून दुसऱ्यांचे मुखवटे काढले, हा तर स्वतःच मास्क लावून शेजारी येऊन बसलाय.

"तो काय चमचा घेऊन तुझ्या तोंडात घालायला आला होता? दोनदा वाढून घ्यायचीस, आठवतंय ना?"

"तूही खायचीस."

"म्हणून तर तुला किडनी देता येत नाहीये मला!"

तिची साखर माझ्याहून वर आहे.

जुन्या वैद्यांनी याला शब्द करून ठेवलाय. प्रज्ञापराध. कळत असून केलेली चूक. संस्कृतात एम.ए. केल्याचा हा एक फायदा, आपल्या मूर्खपणाला शोभिवंत नाव मिळतं. पण हजारो घरांत बसून कळत असून चूक शिकवणाऱ्याला काय म्हणायचं? त्याला शब्द नाही. त्याला मानधन मिळतं!

७ मार्च, शनिवार

कंडक्टर आज खुशीत. हॉस्पिटलच्या प्रतीक्षा यादीत आमच्या रक्तगटात तो आता पहिला, आणि मी दुसरी. कुणी जाताना किडनी देऊन गेलं की आधी त्याला फोन, मग मला.

"बाई, रांग मोडायची नाही हं. लेडीज सीट असलं काही इथे नाही."

"मोडत नाही. पण तुम्ही दारात उभे राहू नका, पुढे सरका!"

हसला. मग हळूच म्हणाला, "आमच्या हिने गावाला जायची बॅग आणलीये. नवी किडनी बसली की दहा दिवस नुसतं पाणी पीत फिरणार मी. दिसेल त्या नळावर."

आम्हाला दिवसाला दोन पेले पाणी. त्यातच औषधाचं.

१० मार्च, मंगळवार

वॉर्डातला एक रिवाज आधी लिहायला हवा होता. एरवी केळं, बटाटा, टोमॅटो आम्हाला वर्ज्य. त्यातलं पोटॅशियम आमच्या शरीरातून बाहेर पडत नाही. रक्तात साठलं की हृदय थांबतं, आणि नोटीस देत नाही. पण मशीन सुरू झाल्यावरचा पहिला तास माफीचा! तेव्हा खाल्लेलं पुढच्या तीन तासांत मशीन धुऊन काढतं, अशी श्रद्धा. आपद्धर्म म्हणतात तो हाच. कंडक्टर त्या तासात अर्धं केळं खातो, डोळे मिटून, साल नीट घडी करून. सिस्टर तेवढ्यापुरती खिडकीबाहेर बघते.

आज लोणीदादाने डबा आणला. पाच खुर्च्या, पाच छोट्या वाट्या. कुस्करलेला बटाटा, लोणी, साय, वर भाजल्या टोमॅटोचा दाट रस आणि विरघळलेलं चीज. वास असा की स्पिरिटच्या वासाला कोणीतरी हात धरून बाहेर काढलं. कोपऱ्यातली शिंपीण, जी सहा महिन्यांत सुईखेरीज कशावर बोललेली नाही, ती चक्क "अगं बाई!" म्हणाली.

मी खाणार नव्हते. पंधरा वर्षं खाल्लं, पोट भरलं. पण तो परीक्षेला बसलेल्या पोरासारखा बघत होता. "ठेवा, खाते सावकाश," म्हटलं. त्याने डोळ्यांवर रुमाल टाकल्यावर वर्तमानपत्राआडून वाटी कंडक्टरकडे सरकवली.

"डबल तिकीट?" तो कुजबुजला.

"पास आहे असं समजा."

माझं व्रत राहिलं, त्याची चैन झाली, दादाचा मान राखला. एका वाटीत तीन पुण्यं!

१२ मार्च, गुरुवार

पुन्हा वाट्या. माझी पुन्हा वर्तमानपत्राआडून. कंडक्टर आता संपादकीयाचं पान उलटायची वाट बघतो. त्या पानाला इतका आतुर वाचक पहिल्यांदाच मिळाला असेल.

आज दादाला विचारलंच. "नव्या भागात सांगणार का? या खुर्चीबद्दल?"

"बाई, माणसं दमून घरी येतात. त्यांना पोटभर वाढायचं की रिपोर्ट वाचून दाखवायचा?"

"वाढलेलं अंगी लागतं त्यांच्या. आम्ही पुरावा आहोत."

"मग मीही आहे ना! जे लोकांना वाढलं ते आधी मी खाल्लं. फसवलं कुणाला?"

मला जास्तच राग आला. घरी येताना धाकटीला म्हटलं, या माणसाने एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर म्हणायला हवं की चूक माझी. मग मला शांत झोप लागेल.

"इतकं सोपं असतं?" ती म्हणाली आणि गिअर टाकला.

१४ मार्च, शनिवार

तहान. वाटी आली, वाटी गेली. दुसरं काही नाही.

१७ मार्च, मंगळवार

रविवार-सोमवारच्या सुट्टीनंतरचा मंगळवार वाईट. दोन दिवसांचं सगळं अंगात साठलेलं. कंडक्टरचे पाय आज खांबासारखे सुजलेले. तरी वाट्या बघून फुलला. स्वतःची संपवली, मग माझी, आणि बोटाने कड पुसून घेतली.

अर्धा तास झाला नसेल, सगळी मशीन एकदम बोंबलायला लागली. पाणी शुद्ध करणारा प्लँट बंद पडला. तंत्रज्ञ धावले, डॉक्टर आले, खाली फोन, वर फोन. शेवटी रक्त परत चढवून आम्हाला सोडवलं. "उद्या सकाळी सातला या, सगळ्यांना पहिल्या पाळीत घेतो."

सिस्टरने दारात अडवलं. "आज कुणी काही खाल्लं नाहीये ना? खरं सांगा. ज्याने खाल्लंय त्याला दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवते, आत्ता."

लोणीदादा पांढरा पडला. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याचं नाव बाहेर जाईल म्हणून सगळे कसे एकदिलाने मुके झालो!

"आम्ही हवा खातो सिस्टर," कंडक्टर म्हणाला. हशा पिकला. मीही हसले.

जिन्यात तो दोनदा थांबला. "पाय उचलत नाहीयेत आज." बायकोने कोपर धरलं. मला म्हणतो, "उद्या खिडकीची सीट माझी!"

१८ मार्च, बुधवार

सातला गेले. कंडक्टर आला नाही. आठला कळलं. पहाटे पाणी मागायला उठला आणि दारातच खाली बसला. डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम.

मशीन चार तास चाललं. त्याच्या खुर्चीवर धुतलेली चादर अंथरून ठेवलेली.

१९ मार्च, गुरुवार

लोणीदादा डबा न घेता आला. टोपी नाही, मास्क नाही. डोळे सुजलेले. मला वाटलं आता म्हणेल, आणि मी ऐकायला तयार होते. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

तो हळू म्हणाला, "बाई, मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं हो. आधीच. बटाटे रात्रभर पाण्यात ठेवा, दोनदा पाणी बदला, एवढीशी वाटी, एकच, तर चालेल म्हणाले. मशीन अध्येमध्ये बंद पडलं तरी एका वाटीने जीव जात नाही, असंही म्हणाले. म्हणून तर छोट्या वाट्या मुद्दाम आणल्या. काल पुन्हा विचारलं. ते म्हणतात, पोटॅशियम एवढं वाढलंच कसं? माझं कुठे चुकलं?"

मी मनात वाट्या मोजल्या.

एक वाटी कंडक्टरची. दुसरी माझी.

चौथा तास संपेपर्यंत तोंड उघडायला वेळच वेळ होता. हात बांधलेला होता, जीभ नाही. पितळेची मूर्ती करून देवळात ठेवावी इतकी स्थिर बसले होते.

त्या चतुर पानाआडून मी नुसती वाटी सरकवली नाही. मजा वाटायची मला! दादाचं अन्न नाकारते आहे, आणि त्याला कळतही नाही, याची मजा. भूक कंडक्टरची, अहंकार माझा.

२० मार्च, शुक्रवार

कंडक्टरकडे जाऊन आले. बायको म्हणाली, "बरं झालं हो, शेवटचे काही दिवस मनासारखं जेवले. घरी येऊन सांगायचे, पत्रकारबाई स्वतः उपाशी राहून मला देतात. तुमचे उपकार कसे फेडू?"

ती पाया पडायला वाकली. मी तिचे खांदे धरले. तिला वाटलं, मोठेपणा.

बॅग कपाटावर होती. कुलूप लावून.

२२ मार्च, रविवार

अकरा. धाकटीने टीव्ही लावला. लोणीदादा ओट्यापाशी उभा, समोर काहीच नाही, कढईसुद्धा. म्हणाला, मी डायलिसिसवर आहे. म्हणाला, तुम्हाला इतकी वर्षं जे शिकवलं त्याचा हा हिशेब. आणि म्हणाला, माझ्या हातचं खाऊन माझ्या शेजारचा एक भला माणूस गेला. चूक माझी. हा कार्यक्रम आज बंद.

धाकटीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "घे! म्हणाला शेवटी. झालं ना तुझ्या मनासारखं?"

दुपारी संपादकाचा फोन. "तू त्याच वॉर्डात असतेस ना? डोळ्यांनी पाहिलंयस. हजार शब्द दे, पहिल्या पानावर घेतो." बरं वाटत नाही म्हटलं.

रात्री कागद घेऊन बसले. "वस्तुतः" एवढा एकच शब्द लिहिला. मग तोही खोडला.

२४ मार्च, मंगळवार

लोणीदादाची खुर्ची रिकामी. त्याने दुसरीकडे बदली मागून घेतली म्हणे. तंत्रज्ञ म्हणाला, "बाहेर लोकांनी गाडीवर अंडी फेकली त्याच्या. बरी अद्दल घडली!"

मी वर्तमानपत्र आणायचं बंद केलंय.

२ एप्रिल, गुरुवार

पहाटे फोन. हॉस्पिटलातली मुलगी होती. किडनी आलीये, रक्तगट जुळतो, यादीत आता तुम्हीच पहिल्या. दोन तासांत पोहोचाल का?

"पोहोचते."

"आणि काही खाल्लेलं नाहीये ना तुम्ही?"

"नाही," म्हणाले. "मी काहीच खाल्लेलं नाही."